गंधातून गर्भाची चाहूल

अनुभवी रोखपालाच्या बोटांना नोट खटकते. मात्र ती खोटी ठरते पडताळणीनंतरच. गर्भतपासणीतही हाच विवेक हवा.

डाऊन सिंड्रोममागे २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, हे जेरोम लेज्यून व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखविले. गर्भावस्थेत त्याचे निश्चित निदान आजही गर्भजलातील अथवा वारेतील पेशी काढूनच होते. त्यात गर्भपाताचा, अल्प का होईना, धोका असतो. म्हणून गर्भाशयाला धक्का न लावणाऱ्या चाचण्यांचा शोध सुरू झाला. १९९७ मध्ये डेनिस लो यांना मातेच्या रक्तात गर्भाचा डीएनए आढळला; त्यावर आधारित चाचणी आज उपलब्ध आहे.

दुसरी वाट गंधाची. १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठातील पर्सौड व डॉड यांनी ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ मांडले. त्यातील अनेक संवेदकांच्या एकत्रित प्रतिसादातून गंधाचा ठसा उमटतो. गुणसूत्रदोषाने चयापचय बदलत असेल, तर नमुन्यातील बाष्पातही त्याची खूण सापडावी, हा यामागील तर्क.

वाचकहो, रक्त असो वा गंध, अशी चाचणी केवळ संशय नोंदविते. त्या एका कागदावर आईने आयुष्याचा निर्णय घेऊ नये. आधी पडताळणी, सोबत समुपदेशन. संशय म्हणजे निकाल नव्हे, हे आम्ही रोज काउंटरवर शिकतो.