चिक चॉकलेट

(१९१६ – मे १९६७). जॅझ व हिंदी चित्रपटसंगीत या दोन्ही क्षेत्रांत ख्याती मिळविलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख व संगीतकार. मूळ नाव अंतोनियो शाव्हियेर वाझ. जन्म गोव्यातील हळदोणे (बार्देश तालुका) येथे.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चसंलग्न शाळांतून मुलांना गायन, व्हायोलिनवादन व पाश्चात्त्य स्वरलिपी शिकविली जाई. सण, मिरवणुका व अंत्ययात्रा यांत कूचसंगीत वाजविणारी पितळी वाद्यांची पथकेही गावोगावी असत. या परंपरेतून स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक तयार झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी बँड, हॉटेले व मूकपटगृहे यांतून त्यांना मोठी मागणी होती.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंदाने मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ सादर केले. पुढे टेडी वेदरफोर्ड प्रभृती कलावंतांमुळे ही शैली तेथे रुजली. चिक चॉकलेट यांनी लूई आर्मस्ट्राँग यांचे वादन आदर्श मानले. त्यांना ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ म्हणत. त्यांचा ‘म्युझिक मेकर्स’ हा वाद्यवृंद ग्रीन्स व ताजमहाल या हॉटेलांत लोकप्रिय झाला.

हॉटेलातील हा वादक चित्रपटांत आला तो मुख्यतः सी. रामचंद्र यांच्यामुळे. गीताची चाल संगीत दिग्दर्शकाची असे. परंतु प्रत्येक वाद्याने काय व केव्हा वाजवावयाचे, हे स्वरलिपीत लिहून काढण्याचे काम संगीतसंयोजकाकडे असे. एकस्वरी भारतीय चालीला स्वरसंवादाची जोड, ट्रंपेटचे उत्तरादाखल येणारे तुकडे व लॅटिन अमेरिकन ठेके यांमुळे या गीतांना वेगळा डौल आला. अलबेला (१९५१) चित्रपटात चिक चॉकलेट व त्यांचे सहकारी पडद्यावरही दिसतात. नादान (१९५१) व रंगीली (१९५२) या चित्रपटांना त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. मदनमोहन यांनाही त्यांचे साहाय्य लाभले. आखरी खत (१९६६) मधील क्लबच्या प्रसंगात त्यांचे ट्रंपेटवादन आहे.

ध्वनिमुद्रिकांवर बहुधा संगीत दिग्दर्शकाचेच नाव छापले जाई; त्यामुळे गोमंतकीय संयोजक व वादकांचे श्रेय दीर्घकाळ अलक्षित राहिले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड इत्यादींप्रमाणे चिक चॉकलेट यांच्या कार्याचाही विचार या संदर्भात करावा लागतो. एरवी अनामिक राहिलेल्या या वर्गातील ज्या थोड्यांना स्वतःच्या नावाने लोकप्रियता लाभली, त्यांत त्यांची गणना होते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.