भरतीच्या घड्याळावर चालणारं हॉटेल

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तूक नदी समुद्राला मिळते तिथे दोन गावं समोरासमोर आहेत. डाव्या तीरावरचं दोव्हील १८६०च्या दशकात तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मॉर्नी याच्या पुढाकाराने आखून-रेखून वसवलं गेलं. मोठी हॉटेलं, घोड्यांच्या शर्यती, श्रीमंतांची वर्दळ तिकडे. उजव्या तीरावरचं त्रूव्हील त्याहून जुनं, मूळचं कोळ्यांचं. वस्ती पाच हजारांच्या आत. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनावरून निघालेली गाडी दोन-अडीच तासांत दोन्ही गावांच्या सामाईक स्टेशनात सोडते. तिथून पूल ओलांडला की त्रूव्हील सुरू होतं.

इथे राहावं ते दहा-वीस खोल्यांच्या हॉटेलात. जुन्या विटांच्या आणि लाकडी चौकटींच्या घरांचीच अशी हॉटेलं झाली आहेत. एक खोली दुसरीसारखी नसते, जिने अरुंद, लिफ्ट असलीच तर दोन माणसांपुरती. खालच्या मजल्यावर पंधरा-वीस टेबलांचं जेवणघर. मोजकी माणसं पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत हे सगळं कसं चालवतात, ते पाहण्यासारखं आहे. आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे त्या दिवसक्रमावरून कळतं.

सकाळी ६

पहिली जाग स्वयंपाकघराला येते. रात्री हॉटेलात कामाला कुणी नसतं. अशा छोट्या हॉटेलांत पाहुण्यांना दाराचा कोड दिलेला असतो, त्यामुळे रात्रपाळीचा माणूस ठेवावा लागत नाही. पहाटे येणारा पहिला माणूस कॉफीचं यंत्र तापत ठेवतो आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणतो.

हा पाव किरकोळ बाब नाही. फ्रान्समध्ये १९९३ सालच्या सरकारी आदेशाने पारंपरिक पावाची व्याख्या ठरवून दिली आहे. पीठ, पाणी, मीठ, आंबवण. रासायनिक मिसळ नाही आणि कणीक गोठवून ठेवणंही नाही. बेकरीत ‘त्रादिस्यों’ म्हणून मागितलेला ‘बागेत’ हा लांबट पाव या नियमाखाली येतो. तो सकाळी भाजतात, दुपारपर्यंत त्याचं कवच कुरकुरीत राहतं आणि संध्याकाळी चिवट होतं. म्हणून चांगलं हॉटेल दिवसातून दोनदा पाव आणतं, सकाळी नाश्त्याला आणि संध्याकाळी जेवणाला. टेबलावरच्या टोपलीतला तुकडा मोडून पाहिला तरी त्या घराची शिस्त समजते.

सकाळी ८

नाश्ता सुरू. बागेत, क्रोसाँ, लोणी, घरचा जॅम, कॉफी. लोणी बहुधा इझिन्यीचं. इझिन्यी हे याच नॉर्मंडीतलं गाव. तिथल्या लोण्याला १९८६ पासून भौगोलिक नावाचं संरक्षण आहे. रंगाने पिवळसर, चवीला किंचित आंबूस.

रिसेप्शनवर जो माणूस बसतो तोच अनेकदा नाश्ताही वाढतो. तो आपणहून येऊन तोंडभर बोलणार नाही. पण खाली उतरल्यावर आपण आधी ‘बोंझूर’ म्हटलं की त्याचा सूर बदलतो. फ्रान्समध्ये अभिवादन न करता काही मागणं उद्धटपणाचं मानतात, आणि छोट्या हॉटेलात तर आपण त्यांच्या घरात आलेलो असतो. नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला आहे की नाही हे बुकिंग करतानाच पाहावं. बहुतेक ठिकाणी तो वेगळा लावतात.

सकाळी ९

शेफ पायीच मासळी बाजारात जातो. नदीकाठच्या धक्क्यावरची लाकडी चौकटींची ही इमारत मोरीस व्हँसाँ या वास्तुविशारदाने आखली, १९३६ची. सप्टेंबर २००६ मध्ये ती आगीत भस्मसात झाली, पण गावाने ती होती तशीच पुन्हा उभी केली. त्या बाजारावर गावातल्या कित्येकांची पोटं चालतात.

इथल्या कामाचं घड्याळ समुद्राच्या हातात आहे. ओहोटीला तूक नदीचं पात्र इतकं आटतं की मासेमारीच्या बोटी धक्क्याशी चिखलात टेकून उभ्या राहतात. मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सात मीटरांच्या आसपास फरक पडतो. बोटींना आत-बाहेर करायचं तर भरतीच गाठावी लागते, आणि भरतीची वेळ रोज साधारण पाऊण ते एक तासाने पुढे सरकते. म्हणून शेफचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. कोणती बोट कोणत्या भरतीला आत आली, हे तो आधी विचारतो. दुपारच्या फळ्यावर कोणते पदार्थ लिहायचे, ते त्या उत्तरावर ठरतं.

बर्फावर मांडलेला माल ओळखीचा वाटेल. सोल म्हणजे आपल्या लेप्याच्या जातकुळीतला चपटा मासा. माकरो हा बांगड्याच्या कुळातला. शिणाणे, कालवं, करड्या रंगाची बारीक कोलंबी, शंखासारखे ब्युलो. स्कॅलप मात्र १ ऑक्टोबर ते १५ मे एवढ्याच काळात पकडायची परवानगी आहे, तीही ११ सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपला सोडून. जुलैत कुणी ताज्या स्थानिक स्कॅलपचं आमिष दाखवलं तर ते खरं नाही, एवढं पाहुण्यालाही कळायला हवं.

विक्रेत्यांसमोर उंच टेबलं असतात. तिथे उभ्याने कालवं फोडून मिळतात, नुकतीच उकडलेली कोलंबी मिळते. ही कोलंबी सोलायची एक रीत आहे. एका हाताने डोकं धरायचं, दुसऱ्याने शेपटीकडचा भाग, वाकलेलं अंग सरळ करून हलकी पीळ द्यायची. कवच सुटतं आणि बोटभरही नसलेला गुलाबी गर हाती येतो. लोणी लावलेल्या पावाबरोबर ती खातात. मसाला नाही, लिंबूही लागत नाही. समुद्राची चव तेवढी जिभेवर राहते.

सकाळी ११

जाणाऱ्या पाहुण्यांनी खोल्या सोडायची वेळ. नव्यांना खोली तीनच्या सुमारास मिळते. मधल्या चार तासांत दोन-तीन बायका सगळ्या खोल्या लावतात, आणि हे हॉटेलातलं सर्वांत जड काम आहे. किनाऱ्यावरचं हॉटेल म्हणजे वाळू. ती चादरीत असते, न्हाणीघराच्या जाळीत असते, लाकडी फरशीच्या फटीत असते. अरुंद जिन्यावरून कपड्यांचे गठ्ठे खांद्यावर उतरवायचे, स्वच्छ चादरी वर न्यायच्या. प्रत्येक खोली वेगळी असल्यामुळे कोणत्या पलंगाला कोणती चादर आणि कोणती खिडकी कशी अडकते, हे त्यांच्या हाताला पाठ असतं. त्यांच्यापैकी कुणी जिन्यात भेटलं तर बाजूला होऊन वाट द्यावी आणि नमस्कार करावा. हॉटेलची कीर्ती त्यांच्या कामावर उभी असते.

दुपारी १२.३०

फळ्यावर खडूने दोन-तीन पदार्थ लिहिलेले. सकाळच्या बाजाराप्रमाणे पांढऱ्या वाइनमध्ये शिजवलेले शिणाणे, नाहीतर भाजलेला माकरो. मेनूवर झाकणाऐवजी छप्पर असलेल्या भांड्याचं चिन्ह दिसलं तर ते नीट पाहावं. २०१४ सालापासून हे चिन्ह सरकारी आहे. कच्च्या मालापासून तिथेच रांधलेल्या पदार्थालाच ते लावता येतं. जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते. मेनूवरच्या किमतीत कर आणि सेवा धरलेली असते, वरचे पैसे खुशीचे.

दोनच्या सुमारास स्वयंपाकघर बंद होतं. अडीचला आलेल्याला नकार मिळतो, त्यात राग मानू नये. याच माणसांना संध्याकाळी पुन्हा उभं राहायचं असतं. फ्रान्समध्ये हॉटेल-रेस्टॉरंट व्यवसायाच्या सामूहिक करारात कामाचा आठवडा ३९ तासांचा धरलेला आहे, आणि आठवड्याच्या सुट्ट्याही ठरलेल्या आहेत. म्हणून बरीच छोटी जेवणघरं आठवड्यातून एक-दोन दिवस बंदच असतात. कोणते दिवस, ते आधी विचारून ठेवावं.

दुपारी ३

भट्टी मंद करून शेफ एक मातीचं पसरट भांडं आत सरकवतो. त्यात तांदूळ, भरपूर दूध, साखर आणि दालचिनी. पाच-सहा तास ते तसंच राहणार. याचं नाव तर्गूल, नॉर्मंडीचं घरगुती गोड. आपली तांदळाची खीर आटवून आटवून वडीसारखी घट्ट केली आणि वर काळसर-तपकिरी साय धरली, तर जवळपास हीच चव येईल. अंडं नाही, जिलेटिन नाही. काटेकोर शाकाहारी मराठी माणसाने या किनाऱ्यावर निर्धास्त खावा असा हा पदार्थ आहे.

शेफ आणि वाढपी आता घरी जातात. दिवसाचे दोन तुकडे आणि मध्ये रिकामी दुपार, हा या धंद्यातला नेम. रिसेप्शनवरचा माणूस नव्या पाहुण्यांची नोंद करतो, नगरपालिकेचा माणशी मुक्काम-कर सांगतो आणि भरतीचं वेळापत्रक हातात ठेवतो.

संध्याकाळी ५

पाहुण्यांनी किनाऱ्यावर जायची वेळ. इथे लाकडी फळ्यांची लांब वाट आहे. रेमों साव्हिन्याक या पोस्टर-चित्रकाराचं नाव तिला दिलं आहे. तो याच गावात राहिला आणि २००२ साली इथेच वारला. १८७०च्या उन्हाळ्यात चित्रकार क्लोद मोने नवविवाहित पत्नी कामीयबरोबर इथे आला होता. त्याने किनाऱ्यावर बसून काढलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले सापडले. ते चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच उन्हाळ्यात त्याने ‘रोश न्वार’ हे आलिशान हॉटेलही रंगवलं. पुढे त्या हॉटेलच्या सदनिका झाल्या, आणि १९६३ साली लेखिका मार्गरीत द्युरासने त्यातली एक विकत घेतली.

छोट्या खाणावळींची परंपरा त्या आलिशान हॉटेलपेक्षा जुनी आहे. १८३१ साली लेखक अलेक्झांडर द्युमा या कोळीवाड्यात एका ओझरे नावाच्या बाईच्या खाणावळीत उतरला होता. सोल, लॉब्स्टर, कोलंबी अशा तिथल्या जेवणाचं त्याने आठवणींत मन भरून कौतुक केलं आहे. कोळ्यांच्या गावात चांगलं रांधणारी एक बाई आणि वर झोपायला दोन-चार खोल्या, एवढ्यावर या गावाचं पर्यटन सुरू झालं.

संध्याकाळी ७.३०

जेवणघर उघडतं. इथे टेबल एका संध्याकाळी बहुधा एकाच मंडळींचं असतं. घाई नाही, बिल मागितल्याशिवाय येत नाही.

सोल म्युनिएर मागवावा. पिठात घोळवून लोण्यात परतलेला अख्खा मासा वाढपी आधी दाखवतो, मग शेजारच्या छोट्या टेबलावर घेतो. चमच्याच्या कडेने दोन्ही बाजूंची झालर काढतो, मधल्या रेषेवर चमचा फिरवून वरचे दोन तुकडे अलग करतो. मग सबंध काटा शेपटीकडून एकदाच उचलतो आणि खालचे दोन तुकडे तसेच ताटलीत सरकवतो. वर लिंबू आणि फेसाळलेलं लोणी. मिनिटभराचं काम, पण हात बसायला वर्षं लागतात.

मध्येच कधी सफरचंदाचं सॉर्बे आणि त्यावर काल्वादोस, म्हणजे सफरचंदाच्या सायडरपासून ऊर्ध्वपातित केलेली इथली कडक दारू. पुढचं पान पचावं म्हणून. मग चीज: कॅमेम्बेर, पाँ-लेव्हेक, लिव्हारो, तिन्ही याच प्रदेशातली. चीज इथे गोडाच्या आधी येतं. पारंपरिक कॅमेम्बेर वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शेवटी दुपारपासून मुरलेलं तर्गूल. कॉफी त्यानंतर, त्याच्याबरोबर नाही.

रात्री १०.३०

जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शेवटची टेबलं उशिरा उठतात. मग शेगड्या घासणं, फरशी धुणं, उद्याचा पाव सांगून ठेवणं. साडेअकराला शेवटचा माणूस दार ओढून घेतो.

या दिवसात पाहुण्याला वाटा मिळतो तो त्याने त्यांच्या वेळा पाळल्या तरच. म्हणून त्रूव्हीलला जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. एका रात्रीत पळू नका, किमान दोन रात्री राहा. उन्हाळी शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मध्ये जा, भाडंही कमी लागेल. जिथे राहाल तिथेच एक रात्र जेवा. शाकाहारी असाल तर मासे, मांस, अंडं आणि मांसाचा रस्सा यांपैकी काय चालत नाही ते आदल्या दिवशी स्पष्ट कळवा. छोटं स्वयंपाकघर वेळ मिळाला तर मनापासून करतं. आणि साडेसातचं टेबल सांगितलं असेल तर साडेसातलाच खाली उतरा.