स्वस्त तिकीट आणि प्रवाशाच्या हातातले यंत्र

भारतातील स्वस्त विमानप्रवासाचा इतिहास बहुधा भाड्याच्या आकड्यांतून आणि विमान कंपन्यांच्या उदयास्तातून सांगितला जातो. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत प्रवाशाच्या खिशात आणि खांद्यावरच्या पिशवीत जी यंत्रे आली, त्यांच्याकडे पाहिल्यावाचून हा इतिहास पुरता उलगडत नाही. भाडे खाली येत गेले त्याच काळात विमान कंपनीच्या काउंटरवर होणारी कामे एकेक करून प्रवाशाकडे सरकत गेली, आणि ती पार पाडण्याचे साधन म्हणजे प्रवाशाने स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले यंत्र होते.

१९५३च्या कायद्याने देशांतर्गत विमानवाहतूक सरकारी मालकीची झाली होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर खासगी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला, तरी भाडे मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहिले. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू करून हे चित्र पालटले, आणि २००५ मध्ये स्पाइसजेट व गोएअर, तर २००६ मध्ये इंडिगो या कंपन्या त्याच वाटेने आल्या. अल्पदर विमानसेवेचे गणित तसे सरळ आहे: एका विमानात जास्तीत जास्त आसने बसवायची, विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवायचा, जेवण भाड्यात धरायचे नाही आणि मध्यस्थाला द्यावा लागणारा मोबदला शक्य तितका वाचवायचा. यातील शेवटची अट पुरी होण्यासाठी प्रवाशाने थेट कंपनीकडून तिकीट घेणे आवश्यक होते, आणि इथेच संगणकाचा संबंध आला.

पूर्वीचे तिकीट म्हणजे कार्बन लावलेल्या पानांची एक पुस्तिका असे. ती हरवली तर प्रवासच अडचणीत येई. ई-तिकिटात खरी नोंद कंपनीच्या संगणकात राहते आणि प्रवाशाजवळ त्या नोंदीचा सहा अक्षरांचा किंवा अंकांचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे पीएनआर, तेवढा असतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने १ जून २००८ पासून आपल्या व्यवस्थेतील कागदी तिकिटे बंद केली. तोवर भारतातील अनेक घरांत सायबर कॅफेत जाऊन, क्रेडिट कार्ड असलेल्या नातेवाइकाच्या मदतीने तिकीट काढण्याची आणि त्याचा प्रिंटआउट जपून ठेवण्याची रीत रुळली होती. यापुढचा टप्पा वेब चेक-इनचा, म्हणजे विमानतळावर न जाता आसन निश्चित करून बोर्डिंग पास स्वतःच मिळवण्याचा होता. चौकोनी ठिपक्यांचा सांकेतिक नमुना छापलेला तो पास आधी घरच्या प्रिंटरवर आणि पुढे मोबाइलच्या पडद्यावर आला.

२०१३ मध्ये नियामकाने आसनाची निवड, जेवण, जादा सामान अशा सेवांचे वेगळे शुल्क घेण्यास कंपन्यांना मुभा दिली आणि भाड्याची फोड झाली. सोबत नेता येणारे विनामूल्य सामान सामान्यतः १५ किलो आणि हातातील पिशवी ७ किलो अशी मर्यादा रूढ झाली. पिशवी दाराच्या कडीला टांगून किंवा हातात धरून तोलण्याचा छोटा डिजिटल काटा घरोघर दिसू लागला तो यामुळेच. याच सुमारास प्रवाशाजवळची विजेवर चालणारी उपकरणेही वाढली होती: लॅपटॉप, मोबाइल, त्यांचे चार्जर, हेडफोन आणि पॉवर बँक. अल्पदर विमानांत आसनापुढे पडदा नसतो आणि चार्जिंगची सोयही बहुधा नसते. म्हणून करमणूक व तिला लागणारी वीज, दोन्ही प्रवाशाने घरूनच न्यायची असतात.

या उपकरणांच्या बाबतीत भाड्याचा नियम आणि सुरक्षेचा नियम प्रवाशाला दोन बाजूंनी ओढतात. लिथियम बॅटरीत बिघाड झाला तर एका घटातील उष्णता शेजारच्या घटाला पेटवते आणि आग स्वतःच वाढत जाते. सामानाच्या कोठारात अशी आग वेळीच कोणाच्या लक्षात येणार नाही, केबिनमध्ये मात्र कर्मचारी ती आवरू शकतात, म्हणून पॉवर बँक हातातील पिशवीतच न्यावी लागते. म्हणजे ज्या पिशवीला ७ किलोची मर्यादा आहे तिच्यातच हा सारा भार येतो. बॅटरीची मर्यादा साधारणपणे १०० वॉट-तास असते. २०,००० मिलीअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेची क्षमता ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॉट-तास भरते, त्यामुळे ती चालते. परंतु हा गुणाकार सामान्य प्रवाशाला कोणी समजावून सांगत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये गॅलेक्सी नोट ७ या मोबाइलच्या बॅटऱ्या पेटू लागल्याने भारतातही विमानात त्याच्या वापरावर बंदी आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे एक अल्पदर विमान उड्डाणापूर्वीच आगीत जळाल्यावर त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली.

प्रत्यक्ष उड्डाणातील नियम मात्र सैल होत गेले. एप्रिल २०१४ मध्ये संपूर्ण उड्डाणभर फ्लाइट मोडमध्ये, म्हणजे मोबाइलचा बाहेरच्या मनोऱ्यांशी असलेला संपर्क बंद ठेवून, उपकरणे वापरण्यास परवानगी मिळाली. १ एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर हातातील पिशवीच्या चिठ्ठीवर शिक्का मारण्याची पद्धत थांबली आणि त्या शिक्क्यासाठी परत मागे धावण्याची पाळी संपली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला उडान योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हा मार्ग होता. तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांच्या आसपास भाडे ठरलेल्या या योजनेने विमानतळ लहान शहरांच्या जवळ आणला. अशा शहरांतून प्रथमच विमानात बसणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशाला भाडे परवडत असले, तरी ॲप, ओटीपी आणि वेब चेक-इन यांच्या पायऱ्या ओलांडण्यासाठी मुलाचा, नातवाचा किंवा शेजाऱ्याचा हात धरावा लागतो, ही गोष्ट भाड्याच्या आकड्यांत दिसत नाही.

महासाथीने या प्रक्रियेला सक्तीचे रूप दिले. दोन महिन्यांच्या खंडानंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेब चेक-इन अनिवार्य होते. संसर्ग टाळण्यासाठी ते समर्थनीयच होते. पण आपत्तीतील उपाय पुढे सवय बनला आणि काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे शुल्क घेतले जाऊ लागले. २१ जुलै २०२२ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे शुल्क नियमांना धरून नसल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी १ डिसेंबरला डिजियात्रा सुरू झाली. या व्यवस्थेत प्रवाशाचा चेहराच ओळखपत्राचे काम करतो, मात्र त्यासाठी आधी मोबाइलवर नोंदणी करावी लागते.

१९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील संगणक बंद पडले आणि भारतातील विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. त्या दिवशी रांगा लांबल्या, तरी अनेक प्रवासी आपल्या मुक्कामी पोहोचले ते काउंटरवर माणसे होती म्हणून. यंत्रांनी प्रवास सोपा केला, आणि ज्यांच्या आईवडिलांनी कधी विमान आतून पाहिले नव्हते अशा लाखोंना तो परवडू लागला, ही या काळाची मोठी आणि अभिमानास्पद कमाई आहे. परंतु स्वस्त भाड्याचा काही भाग प्रवासी आपल्या श्रमाने, आपल्या उपकरणाने आणि त्याच्या बॅटरीत उरलेल्या विजेने फेडत असतो. ज्याच्याजवळ यांपैकी काहीही नाही, त्यालाही त्याच भाड्यात, कोणापुढे संकोचून उभे न राहता प्रवास करता यावा, यासाठी २०२२चा तो आदेश कसोशीने पाळला गेला पाहिजे आणि काउंटरवर माणूस बसलेला असलाच पाहिजे.