नुक्त्याचे तीन बाइट

एका पुस्तकाची प्रकरणे, ज्यांच्या फाईलींना मी हौसेने मराठी नावे दिली होती, जुन्या मॅकवरून लिनक्सच्या यंत्रावर आणली आणि त्यांची छापील प्रत सिद्ध करण्याचा हुकूम ‘मेक’ या बांधणीच्या साधनाला सोडला, तेव्हा तीन प्रकरणे निमूटपणे उरकून चौथ्यावर त्याने जबाब दिला, की ‘पायऱ्या’ घडविण्याचा नियम आपल्यापाशी नाही. फाईल तर फेरिस्तीत ढळढळीत दिसत होती, आणि मेकफाईलमधील नावाशी ती ताडून पाहता काना-मात्रेचाही फरक आढळेना.

डोळ्यांची साक्ष अशी कुचकामी ठरल्यावर ‘ओडी’ या जुन्या साधनाने दोन्ही नावांचे बाइट अष्टमान अंकांत उतरवून घेतले. मेकफाईलमधले नाव २१ बाइटांचे, फाईलचे २४. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. म्हणजे एक चिन्ह जादा. माझा ऱ ‘३४० २४४ २६१’ असा एकसंध होता, तर फाईलच्या नावात त्याचा विग्रह होऊन साधा र, ‘३४० २४४ २६०’, आणि नुक्ता, ‘३४० २४४ २७४’, असे दोन घटक दप्तरी लागले होते. नावे अशी फोडून ठेवणे हा मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या व्यवस्थेचा शिरस्ताच. २०१७ साली आलेल्या एपीएफएसने तो सोडला. लिनक्सला मात्र अक्षराशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी नाव म्हणजे बाइटांची माळ, आणि ‘मेक’ ती मणी मोजून ताडतो. दोन्ही पक्ष आपापल्या कायद्यास धरून. फिर्याद करावी कोणाविरुद्ध? (विंडोजवर जुन्या धाटणीच्या साधनांची तऱ्हा आणखी निराळी: मराठीसाठी त्यांना चालेल असा वर्णसंकेतांचा तक्ता, म्हणजे कोडपेज, कधी निघालाच नाही, त्यामुळे अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, आणि प्रश्नचिन्ह तर तेथे फाईलच्या नावात निषिद्ध.)

‘कन्व्हएमव्ही’ ही आज्ञा, जी प्रथम केवळ आपला बेत कळवते आणि स्वतंत्र मंजुरी मिळाल्याखेरीज कोणत्याही नावास हात लावीत नाही, तिने हे सारे विग्रह पुन्हा सांधले. ‘वाऱ्यावर’ तेवढे अडून राहिले. ते नाव एका स्नेह्याने टंकलेले, आणि त्याच्या कळफलकाने ऱ ऐवजी साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घातले होते. पडद्यावर आकृती तीच. परंतु युनिकोड ही दोन रूपे समतुल्य मानीत नाही, म्हणून सांधण्याची आज्ञा त्याकडे ढुंकूनही पाहीना. ते नाव मी हाताने पुसून पुन्हा लिहिले, आणि ‘मेक’ने काही न बोलता पुढचे प्रकरण हाती घेतले.