'हात' म्हणजे कोठपर्यंत?

मराठीतील 'हात' हा शब्द बोटांच्या टोकांपासून खांद्यापर्यंत पसरलेला आहे. सदलग्यासारख्या दुभाषी गावी त्याच्या जोडीला कानडीतील 'कै' आणि 'तोळु' हे शब्द असले, तरी अडचण तीच राहते. दंडाच्या हाडात कर्करोग झालेल्या मुलाला तेथून मिरजेस, बेळगावास किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेले आणि 'हात काढावा लागेल' असे शस्त्रवैद्याने सांगितले, तर आईबापांनी त्यातून नेमके काय समजावे? कारण या एका वाक्यात तीन निरनिराळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात.

पहिलीत दंडाचे हाड मध्येच कापतात. दुसरीत खांद्याच्या सांध्यातून हात सोडवून घेतात. या दोहोंत खांद्याचा बाक थोडाबहुत शिल्लक राहतो. तिसरीत मात्र हाताबरोबर पाठीवरचे खवाट्याचे पाते आणि हासळीचा, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचा, बराचसा भागही जातो. काखेतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा जुडगा यांना गाठीने वेढले असेल, तर हीच शस्त्रक्रिया करणे भाग पडते.

तिचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. १८०८ साली राल्फ कमिंग या आरमारी शस्त्रवैद्याने गोळी लागलेल्या माणसावर ती प्रथम केली. त्या वेळी भूल देण्याची विद्या अस्तित्वात नव्हती. तिला शिस्त लावली ती पॅरिसच्या पॉल बर्जरने, १८८७ च्या आपल्या ग्रंथात. खरे भय रक्तस्रावाचे, हे ओळखून त्याने प्रथम हासळी छेदली, तिच्यामागची मोठी धमनी व नीला बांधल्या आणि मगच पुढे हात घातला. नीला बांधण्यापूर्वी हात उंच धरून त्यातील रक्त शरीरात परतू देण्याचीही रीत होती. मज्जातंतू धारदार पात्याने वरच्या बाजूस कापून मांसात मागे सरकू देतात. त्यानंतर छातीचे व पाठीचे स्नायू सुटले की खांद्यासह सारा हात एकसंध निघतो, आणि राखून ठेवलेली कातडी बरगड्यांवर ओढून शिवतात. १९२२ मध्ये लिटलवुडने हाच मार्ग उलटा केला. त्याच्या पद्धतीत पाठीकडून आरंभ होतो आणि खवाटा मोकळा होऊन बाजूला झाला की रक्तवाहिन्या आपोआप दृष्टीस पडतात. मला ही युक्ती अधिक सुबोध वाटते.

हात वाचविण्याचा विचारही फार मागे राहिला नव्हता. टिखॉफ व लिनबर्ग या रशियन शस्त्रवैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत खवाटा, हासळीचा भाग आणि दंडाच्या हाडाचे डोके काढतात, पण हात तसाच ठेवतात. खांदा निकामी होतो. कोपर आणि बोटे चालतात. लिनबर्गचा लेख १९२८ चा. तथापि ही वाट रुंद झाली ती १९७० नंतर, प्रभावी औषधे हाती आल्यावर. आज हाडाच्या कर्करोगाच्या बहुतेक रोग्यांचा हात वाचतो, आणि गेलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसविता येतो.

वाचण्याची ही संधी पुष्कळदा गावातच हुकते. खांद्याची सूज मुरगळ समजून हाडवैद्याकडून चोळून घेण्यात महिने जातात. तपासणीसाठी गाठीचा तुकडा भलत्या जागेतून काढला, तर पेशी निरोगी मांसात पसरू शकतात आणि वाचण्याजोगा हातही गमवावा लागतो. म्हणून तो तुकडा पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच, किंवा त्याच्या सल्ल्याने, काढावा.

शस्त्रक्रियेनंतरची हकीकत ग्रंथांत थोडक्यात आटोपलेली असते. खांदाच गेल्यावर सदरा एका बाजूस लोंबतो आणि डाव्या खांद्यावर पदर ठरत नाही. त्यासाठी हलक्या फेसाळ पदार्थाचा कृत्रिम खांदा करून देतात. संपूर्ण कृत्रिम हात जड पडतो, आणि पुष्कळ रोगी तो बाजूला ठेवतात. याहून विलक्षण गोष्ट अशी की नसलेला हात दुखतो. मूठ घट्ट आवळली आहे आणि ती उघडत नाही, असे रोगी सांगतात. ही वेदना भ्रम नव्हे, ती मेंदूत व मज्जातंतूंत उपजते, आणि तिच्यावर औषधे आहेत. ती होऊ शकेल हे रोग्याला आधीच त्याच्या भाषेत सांगितले नाही, तर लोक वेड्यात काढतील या भयाने तो ती घरी बोलूनही दाखवीत नाही.