फाइलीला नाव काय ठेवावे?

आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने मेहनतीने एक प्रकल्प लिहिला आणि संगणकावर फाइलीला नाव दिले, ‘आमची नदी का आटली?’ शेवटच्या दिवशी ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला गेला, तर संगणक ऐकेना. पोराने पुष्कळ खटपट केली. अखेर हताश होऊन म्हणाला, “सर, मराठी नाव चालत नाही. इंग्रजीत टाकतो.” टाकले, आणि फाइल मुकाट्याने उतरली! संगणकाला आपली भाषा वर्ज्य आहे, अशी गाठ मात्र त्याच्या मनात बसली.

वाचकहो, मराठीचा इथे काही दोष नव्हता. दोष होता तो शेवटच्या प्रश्नचिन्हाचा.

संगणकाचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणत्या नावाला मान्यता द्यायची, हे ती ठरवते. पण प्रत्येकीचा कायदा निराळा. विंडोजला नावात नऊ चिन्हे चालत नाहीत : दोन्ही तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन कोनी कंस आणि उभी रेघ. पेनड्राइव्हवर बहुधा हाच कायदा असतो. हा हट्ट उगाच नव्हे. तिरपी रेघ एका कप्प्याचे नाव दुसऱ्यापासून वेगळे करते. तारका आणि प्रश्नचिन्ह ‘इथे कोणतेही अक्षर चालेल’ असे सांगतात. कामाला जुंपलेली चिन्हे नावातच आली, तर नाव कुठे संपले आणि हुकूम कुठे सुरू झाला, हे यंत्राने ओळखावे कसे?

आमच्या प्रयोगशाळेत आहे लिनक्स. तिची परंपरा १९६९ साली बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्सची. तिथे तिरपी रेघ आणि शून्य किमतीचे एक अदृश्य चिन्ह, एवढी दोनच वर्ज्य. बाकी सारी मोकळीक! म्हणून त्या मुलाचे प्रश्नचिन्ह तिथे खपले.

आता तुम्ही म्हणाल, मोकळीक बरीच की! पण तीही अंगाशी येते. नावाच्या मधोमध नवी ओळ सुरू झाली, तर यादी वाचणारा प्रोग्राम एका फाइलीच्या दोन समजतो. नावाची सुरुवात आडव्या रेघेने झाली, तर ते नाव नसून सूचनाच आहे, असा आज्ञेचा समज होऊ शकतो. आणि आज्ञा पुसून टाकण्याची असली, तर? पॉझिक्स या मानकाच्या २०२४ सालच्या आवृत्तीने नावात नवी ओळ येऊ देऊ नये, असा सल्ला दिला, तो यामुळेच.

मग सरसकट बंदी घालावी का? पॉझिक्समध्येच सर्वत्र चालणाऱ्या चिन्हांची एक यादी आहे : रोमन लिपीची लहानमोठी ५२ अक्षरे, १० अंक, टिंब, आडवी रेघ आणि खालची रेघ. एकूण ६५. यात आपला ‘अ’सुद्धा नाही! सोय म्हणून ही यादी ठीक. कायदा म्हणून ती अन्यायाची होईल. ज्याला फक्त मराठी वाचता येते, त्याने स्वतःचा सातबारा शोधायचा कसा?

मोजमापातही फरक पडतो. लिनक्सवर नावाला साधारण २५५ बाइटांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे मोजतात. नुसत्या ‘श्री’ला बारा बाइट लागतात! शिवाय ‘शेतकऱ्यांची यादी’ यातला ‘ऱ’ एकसंध साठवता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता असा जोडूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लिनक्सच्या लेखी सहसा त्या दोन निराळ्या फाइली.

तेव्हा माझे म्हणणे साधे आहे. नवी ओळ, इतर अदृश्य नियंत्रक चिन्हे, आरंभीची आडवी रेघ आणि शेवटची मोकळी जागा सर्व व्यवस्थांनी नाकारावी. जगातल्या सर्व लिप्यांची अक्षरे, मात्रा आणि अंक निःशंक स्वीकारावेत, आणि दोन तऱ्हांचा ‘ऱ’ एकच मानावा.

तोवर आपण काय करावे? नाव खुशाल मराठीत ठेवावे. प्रश्न मात्र फाइलीच्या आत विचारावा!