वणवा विझतो, राखेतले धातू मात्र उरतात

चुलीतल्या राखेने भांडी घासणारी आजी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लाकूड जळून गेल्यावर त्या राखेत उरतं काय? कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, मँगनीज आणि थोडं लोह. झाडाने मुळांवाटे जमिनीतून ओढून घेतलेलं हे धन आगीत नाहीसं होत नाही.

जंगलात हे धन मातीला परत करण्याचं काम एरवी बुरशी आणि जिवाणू करतात, तेही अगदी सावकाश. गळलेल्या पानातलं पोटॅशियम पहिल्या काही सरींतच धुऊन खाली उतरतं. कॅल्शियम पान कुजेल तसं सुटत जातं. मँगनीजची गोष्ट सगळ्यांत मजेदार. पानाला आणि काटकीला चिवटपणा देणारं लिग्निन तोडायला काही बुरशी मँगनीजच हत्यारासारखं वापरतात. ते कमी पडलं की पाचोळा कुजता कुजत नाही.

वणवा वर्षांचं हे काम काही तासांत उरकतो. कोकणात शेतकरी राब भाजतात, तेव्हा तेही हेच करतात. पण तो वाफा लहान असतो आणि राखेतलं सत्त्व घ्यायला भाताची रोपं लगेच येणार असतात. डोंगरउतारावरच्या जळक्या रानात ते घ्यायला कोण असतं? मुळं होरपळलेली, वरच्या थरातली बुरशी मेलेली. पहिल्या जोरदार पावसात राख ओढ्याला लागते.

पाऱ्याचं वेगळंच. पानं तो मुख्यतः हवेतून शोषतात, त्यात कोळशाच्या धुरातून आलेला पाराही असतो. पान गळलं की तो पाचोळ्यात, मग मातीत साठतो. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. पेटलेल्या पाचोळ्यात तेवढी उष्णता सहज असते. म्हणजे जंगलाने वर्षानुवर्षं धरून ठेवलेला पारा धुराबरोबर पुन्हा हवेत!

खरी काळजी वाटावी अशी गोष्ट अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समोर आली. तिथल्या काही डोंगरांच्या खडकात मुळातच क्रोमियम जास्त आहे. मातीत ते बहुतेक निरुपद्रवी रूपात असतं. पण माती तापली की त्यातलं काही सहा-संयुजी क्रोमियम बनतं, आणि ते श्वासावाटे शरीरात गेलं तर कर्करोगाचा धोका असतो. २०१९ आणि २०२० च्या वणव्यांत जळलेली जमीन स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासली. २०२३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : अशा खडकावर जिथे आग तीव्र होती आणि जास्त वेळ टिकली, तिथे हे विषारी क्रोमियम न जळलेल्या जागेच्या सुमारे सातपट होतं. गवत भुर्रकन जळून जातं, पण झाडाझुडपांखाली पाचोळा नि काटक्या साठलेल्या असतील, तर आग रेंगाळते आणि माती जास्त तापते.

हे क्रोमियम बारीक धुळीत असतं आणि चांगला पाऊस होईपर्यंत वाऱ्याबरोबर उडत राहतं. आग विझवणारे, नंतर साफसफाई करणारे आणि जवळ राहणारे लोक यांना ती धूळ सर्वांत आधी गाठते. कापडी रुमाल तिथे पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो.

क्रोमियमचे खडक आपल्याकडेही आहेत : ओडिशात सुकिंदा खोऱ्यात आणि सिंधुदुर्गात कणकवलीजवळ. अशा भागात वणव्यानंतर काळ्या रानात जायचंच झालं, तर पोरांना राख उडवत खेळू देऊ नका.